भरायला किती, सुटायला किती: एका प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

४ जून

विषय पक्का झाला: निसर्गातल्या शक्ती. दहा-बारा फलक, हाताने चालवायची एक-दोन मॉडेल्स, आणि सगळं उचलून दुसरीकडे नेता येईल असं. मुख्यतः शाळांसाठी. पण मोठी माणसंही येतात, आणि खरं तर तीच जास्त रेंगाळतात.

जुना आराखडा वाचला. ‘सर्वात उंच लाट’, ‘सर्वात मोठा स्फोट’, ‘सर्वात लांब वीज’. पानोपानी ‘सर्वात’. असं प्रदर्शन पाहून माणूस एक ‘बापरे’ आणि चार आकडे घेऊन बाहेर पडतो, आणि त्यातले तीन आकडे चपला घालेपर्यंत विसरतो.

बैठकीत माझं म्हणणं मांडलं. आपण ज्याला अचानक म्हणतो ते बहुतेक वेळा आधी बराच काळ गुपचूप साठत असतं. ते साठणं दाखवलं नाही तर उरते नुसती जादू. म्हणून प्रत्येक फलकाच्या माथ्यावर दोन घड्याळं काढायची: ‘भरायला’ आणि ‘सुटायला’. चित्रकार ताईंना कल्पना आवडली, पण लगेच त्यांनी विचारलं, “ज्यात काही साठतच नाही त्याचं काय करणार?” असे विषय निघाले तर वेगळ्या भिंतीवर लावू, असं सध्यापुरतं ठरलं.

७ जून

वीज. दोन घड्याळांसाठी सोपा विषय, तरी ‘भरायला’ नेमकं कुठून सुरू करायचं यात दुपार गेली. ‘ढग एकमेकांवर घासतात’ हे वाक्य सगळीकडे आढळतं. ते हद्दपार केलं. घासतात ते ढग नव्हेत, ढगाच्या आतले कण.

वादळी ढगाच्या मधल्या पट्ट्यात तापमान उणे १० ते उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. तिथे तीन गोष्टी एकत्र नांदतात: शून्याच्या खाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब, हलके हिमकण, आणि असे थेंब अंगावर गोठत गोठत जड झालेल्या मऊ गारा. वर चढणारी हवा हिमकणांना घेऊन जाते, गारा मागे राहतात किंवा खाली घसरतात. वाटेत दोघांची टक्कर होते. गारेकडे ऋणभार राहतो, हिमकण धनभार घेऊन वर निघून जातो. एका टकरीत होणारी देवघेव नगण्य. पण अशा अगणित टकरी, साधारण अर्धा तास. तेवढ्यात ढगाचा माथा धन आणि पोट ऋण झालेलं असतं.

आता ‘सुटायला’. ढगातून खाली येणारी पहिली वाट इतकी अंधूक असते की डोळ्यांना ती वेगळी कळतच नाही. साधारण ५० मीटरचा एक टप्पा, मग किंचित थांबा, मग पुढचा टप्पा, फाटे फोडत. जमिनीवरून वर निघालेल्या एखाद्या ठिणगीशी तिचं टोक जुळलं की खरा लोळ पेटतो, आणि तो खालून वर धावतो, प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे एक तृतीयांश वेगाने. प्रवाह साधारणपणे ३०,००० अँपिअरच्या घरात. वाटेतली हवा ३०,००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. तापलेली हवा झटक्यात फुगते, तोच गडगडाट. नेहमीच्या विजेचा हा सगळा खेळ अर्ध्या सेकंदाच्या आत आटोपतो.

मला यातला सगळ्यात बोलका आकडा वेगळाच वाटला. एका विजेतली ऊर्जा ढोबळमानाने १ अब्ज जूल. विजेच्या मीटरवर मांडली तर सुमारे २८० युनिट. बस, इतकीच. दरारा ऊर्जेचा नाहीच, ती किती कमी वेळात सुटते याचा आहे. ‘२८० युनिट’ फलकावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत.

‘सर्वात’वाले आकडे काढले नाहीत, खाली बारीक टाकले. अमेरिकेत २२ ऑक्टोबर २०१७ ला ढगांमधून आडवी धावलेली वीज ८२९ किलोमीटर लांब होती. १८ जून २०२० ला उरुग्वे आणि उत्तर अर्जेंटिनावरची एक चमक १७.१ सेकंद टिकली.

११ जून

भूकंप. प्रदर्शनाचा कणा हाच, त्यामुळे घाई नाही.

१८ एप्रिल १९०६ ला सॅन फ्रान्सिस्को हादरलं, सान आंद्रेआस भ्रंश (भ्रंश म्हणजे खडकातली अशी भेग जिच्या दोन बाजू एकमेकींना घासून सरकतात) शेकडो किलोमीटर लांब फाटला, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यानंतर अमेरिकन भूभौतिकतज्ज्ञ हॅरी फील्डिंग रीड यांनी काय केलं ते फारसं कोणी सांगत नाही. त्या भागाची जमीनमोजणी १८५१ ते १८६५ या काळात झाली होती, पुन्हा १८७४ ते १८९२ मध्ये झाली, आणि भूकंपानंतर १९०६-०७ मध्ये. रीडनी तिन्ही मोजण्या शेजारी ठेवल्या. भ्रंशापासून लांबचे बिंदू भूकंपाच्या आधीपासूनच सरकत होते. भ्रंशाला खेटून असलेले मात्र अडकून बसले होते, आणि त्यांनी सगळी कसर १९०६ च्या त्या पहाटे एका दमात भरून काढली. मधल्या काळात तिथला खडक वाकत होता. खडक वाकतो, हे वाक्य फलकावर एकटं, वेगळ्या ओळीत टाकायचं. १९१० च्या अहवालात रीडनी हे मांडलं तेव्हा प्लेटांचं, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या प्रचंड तुकड्यांचं, सरकणं कोणाला ठाऊक नव्हतं. वाकवणारा हात कोणाचा हे न कळता त्यांनी वाकणं बरोबर ओळखलं.

तो हात आता मोजता येतो. प्लेटा वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात, साधारण नखं वाढतात त्या वेगाने.

‘भरायला’ घड्याळासाठी सान आंद्रेआसपेक्षा कॅस्केडिया निवडला. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत समुद्राचा तळ वर्षाला ३ ते ४ सेंटिमीटरच्या हिशेबाने खंडाखाली घुसतोय, आणि सांधा अडकलेला आहे. तिथला मागचा मोठा भूकंप कधीचा? २६ जानेवारी १७००, रात्री नऊच्या सुमारास. तिथे तेव्हा लेखी नोंद ठेवणारं कोणी नव्हतं, तरी तारीख आणि वेळ दोन्ही कळतं. जपानच्या किनाऱ्यावर त्या सुमारास एक त्सुनामी आली, तिथल्या दप्तरांत तिची नोंद झाली, पण तिच्याआधी जपानमध्ये कुठेही धक्का जाणवला नव्हता. बिनआईबापाची लाट. दुसरा पुरावा अमेरिकेच्या किनाऱ्यावर उभा होता: जमीन खचून खाऱ्या पाण्यात बुडालेली, वाळून गेलेली देवदाराच्या जातीची झाडं. खोडातली वलयं मोजली तर ती १६९९ च्या हंगामानंतर आणि १७०० च्या वसंताआधी मेलेली. लाटेला पॅसिफिक ओलांडायला लागणारा वेळ वजा केला की रात्रीचे नऊ येतात.

तेव्हापासून सव्वातीनशे वर्षं झाली. ३ सेंटिमीटरनेच धरलं तरी दहा मीटरच्या आसपास सरकणं बाकी आहे. ‘सुटायला’: काही मिनिटं.

१५ जून

मॉडेलचा दिवस. सुतारकाका चार फुटी फळी घेऊन आले, आरशासारखी रंधलेली. वर खरखरीत पॉलिश पेपर चिकटवायचा आहे हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा पडला. फळी सपाट नसेल तर कागदाला फुगे येतात, तेव्हा मेहनत फुकट नाही, अशी समजूत घातली.

रचना अशी. फळीवर ६० नंबरचा पॉलिश पेपर. त्यावर लाकडी ठोकळा, त्याच्या बुडालाही तोच कागद. ठोकळ्यावर एक वीट. ठोकळ्याच्या नाकाला आकडा, आकड्याला स्प्रिंग, स्प्रिंगला दोरी, दोरी टोकाच्या रिळावर आणि रिळाला हँडल. ठोकळ्याच्या कुशीत एक पेन्सिल बांधली, ती शेजारच्या कागदी पट्टीवर रेघ ओढत जाते.

हँडल सावकाश आणि एका लयीत फिरवायचं. ठोकळा हलत नाही. स्प्रिंग लांबते. अजून हलत नाही. बघणारा हमखास पुढे वाकतो. मग ‘खर्र’ करून ठोकळा बोटभर पुढे उडतो, स्प्रिंग ढिली पडते आणि पुन्हा शांतता. फिरवणाऱ्याचा हात मधे कुठेही थांबलेला नाही की जोरात फिरलेला नाही. मुद्दा नेमका हाच, आणि तो हाताला कळतो. फलकावर लिहून इतका कळला नसता.

जवळ कान नेला तर आणखी काही सापडतं. उडीच्या आधी पॉलिश पेपरवरचे दोन-चार कण निसटतात, बारीकसा ‘टिक्’ येतो. कधी त्या टिक्-नंतर लगेच उडी येते. कधी टिक् येतो आणि काहीच होत नाही. खऱ्या भ्रंशांवरही छोटे धक्के येतात, आणि त्यातला कुठला मोठ्याच्या आधीचा होता हे मोठा येऊन गेल्यावरच ठरतं.

वजन वाढवून पाहिलं. वर दुसरी वीट ठेवली की उड्या कमी होतात, पण प्रत्येक उडी लांब. मग काकांनी त्यांच्या डब्यातली एक जाड, ताठ स्प्रिंग लावली. ठोकळा उड्या मारायचा थांबला, नुसता कुरकुरत सरकत राहिला. “गेला की हो तुमचा भूकंप,” काका म्हणाले. गेला नाही, उलट एक जास्तीचा फलक मिळाला. काही भ्रंश असेच वागतात: अडकत नाहीत, कायम थोडे थोडे सरकतात. कॅलिफोर्नियात हॉलिस्टर नावाचं गाव अशा सरकत्या भ्रंशावर वसलं आहे. तिथे पदपथांच्या कडा आणि भिंती कुठल्याही मोठ्या धक्क्याशिवाय वर्षानुवर्षं वाकत जातात. दोन्ही स्प्रिंगा ठेवायच्या, बदलता येतील अशा.

१६ जून

रिश्टरचा घोळ. हल्ली मोठ्या भूकंपांना वेगळी मोजपट्टी वापरतात, पण पायऱ्यांची चाल तीच. एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट, दोन अंक वाढले की १,००० पट. हे आकड्यांत सांगून कोणाला पटत नाही. म्हणून चेंडू टांगायचे, घनफळ म्हणजे ऊर्जा. ५ चा भूकंप १ सेंटिमीटर व्यासाचा मणी धरला तर ६ चा ३.२ सेंटिमीटर, ७ चा १०, ८ चा ३२ सेंटिमीटर, आणि ९ चा बरोबर १ मीटर. मीटरभराचा गोळा दारातून आत जाईल का, हे आधी मोजून ठेवायचं. चिलीतला २२ मे १९६० चा भूकंप ९.५ चा होता. त्याचा गोळा जवळपास पावणेदोन मीटरचा होतो. तो टांगायचा नाही, जमिनीवर वर्तुळ आखायचं.

२० जून

गरम पाण्याची कारंजी, म्हणजे गीझर. मॉडेल करायचं नाही, उकळतं पाणी आणि मुलं एका खोलीत नकोत. चित्रावर भागवू.

मजकूर लहान आहे. खोल नळीत तळाच्या पाण्यावर वरच्या पाण्याचा दाब असतो. दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही. १० मीटर खोलीवर साधारण १२० अंश लागतात. त्यामुळे तळाचं पाणी शंभरीच्या पुढे जाऊनही पाणीच राहतं. मग कुठेतरी थोडी वाफ होते, वरचं थोडं पाणी सांडतं, दाब उतरतो, आणि खालचं सगळं तापलेलं पाणी एकदम वाफ व्हायला मोकळं होतं. रॉबर्ट बुन्सेन यांनी १८४६ मध्ये आइसलँडला जाऊन गीझरच्या नळीत तापमापक सोडून हे तपासलं होतं. हो, प्रयोगशाळेतल्या बर्नरवाले तेच. अमेरिकेत यलोस्टोनमधल्या ‘ओल्ड फेथफुल’ या गीझरची घड्याळं: भरायला साधारण दीड तास, सुटायला काही मिनिटं.

२२ जून

ज्वालामुखीच्या फलकावर ताईंनी शंकूच्या टोकातून सरळ वर उडणारी आग काढली होती. चित्र सुरेख, पण मला अमेरिकेतला सेंट हेलेन्स हवा होता, आणि तो सरळ वर उडाला नाही, कुशीतून फुटला.

याची दोन्ही घड्याळं माणसांनी समोर बसून पाहिली. मार्च १९८० मध्ये धक्के सुरू झाले, २७ मार्चला पहिली वाफ फुटली, आणि नंतर डोंगराची उत्तरेकडची बाजू फुगू लागली. दिवसाला दीड ते दोन मीटर. डोंगर. दिवसाला. आत चढणारा शिलारस तिला बाहेर ढकलत होता. १८ मे ला सकाळी ८:३२ वाजता ५.१ चा भूकंप झाला, फुगलेली बाजू तळासकट घसरली, आणि आत कोंडलेल्या रसावरचं झाकण आडव्या बाजूने उघडलं. काही मिनिटांत सुमारे ६०० चौरस किलोमीटरमधलं जंगल भुईसपाट झालं. ५७ माणसं गेली. डोंगराची उंची ४०० मीटरने कमी झाली.

ताईंनी जुनं चित्र बाजूला ठेवलं आणि आता तीन कडांची रेखाटनं करणार आहेत, एकावर एक: आधीचा उतार, १७ मे चा फुगवटा, १८ मे ची पोकळी. आगीचा लोळ नाहीच. मला हेच जास्त भीतीदायक वाटतं.

२६ जून

न्योस. हा विषय घ्यावा की नाही यावर आज बराच वाद झाला.

कॅमेरूनमध्ये जुन्या ज्वालामुखीच्या मुखात न्योस नावाचं सरोवर आहे, २०० मीटरहून थोडं जास्त खोल. तळातून कार्बन डायऑक्साइड झिरपतो आणि खालच्या थरांत विरघळून राहतो, कारण वर २०० मीटर पाण्याचा दाब आहे आणि उष्ण प्रदेशातल्या या सरोवरात वरचं-खालचं पाणी सहसा ढवळलं जात नाही. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री ते ढवळलं गेलं. तळाचं पाणी थोडं वर आलं, दाब कमी झाला, वायूचे बुडबुडे सुटले, बुडबुड्यांनी आणखी पाणी वर ओढलं, आणि मग थांबवणारं काही उरलं नाही. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड. तो ढग दऱ्यांमधून जमिनीला धरून उतरला. सतराशेहून अधिक माणसं आणि हजारो गुरं गुदमरून गेली, काही सरोवरापासून २० किलोमीटरपेक्षा लांब.

मुलांना हे दाखवायचं? शाळेच्या बाईंचा कल ‘नको’कडे होता. माझं मत: दाखवायचं, पण पुढच्या भागासह. कारण हा एकच फलक असा आहे जिथे माणसाने ‘भरायला’ घड्याळात हात घातला. २००१ मध्ये सरोवरात तळापर्यंत एक उभा पाइप सोडला. सुरुवातीला पंपाने थोडं पाणी वर खेचलं. पाणी वर येताना त्यातला वायू सुटतो, बुडबुड्यांनी ते हलकं होतं आणि आपोआप चढत राहतं. मग पंप बंद केला तरी चालतं. पृष्ठभागावर सुमारे ५० मीटर उंच कारंजं. ज्या कारणाने १९८६ मध्ये ढग उसळला, तेच कारण आता पाइपाच्या आत रात्रंदिवस थोडं थोडं राबवलं. पुढे आणखी पाइप बसवले.

हे ऐकून बाई म्हणाल्या, “मग कारंज्याचं चित्र मोठं काढा, गुरांचा फोटो नको.” मान्य.

३० जून

त्सुनामी. हिच्यात स्वतःचं काही साठत नाही. साठतं भूकंपात, ही नुसती पोचवते. म्हणून घड्याळांच्या जागी इथे वेगाची पट्टी.

सूत्र सोपं आहे: गुरुत्वाकर्षणाचा त्वरण गुणिले पाण्याची खोली, त्याचं वर्गमूळ. ४,००० मीटर खोल समुद्रात ताशी सुमारे ७१० किलोमीटर. १०० मीटर खोलीवर ११३. १० मीटरवर ३६. पुढचा भाग मंदावतो, मागचा अजून वेगात असतो, लाट आखडते आणि उंच होते. भर समुद्रात तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही. २६ डिसेंबर २००४ ला भूकंपानंतर दोन तासांनी जेसन-१ हा उपग्रह योगायोगाने तिच्यावरून गेला तेव्हा हिंदी महासागरात ती ६० सेंटिमीटरच्या आसपास मोजली गेली. तिनेच सव्वादोन लाखांच्या घरात माणसं नेली.

या फलकावर एक चौकट हवीच: सिमेलु. सुमात्राच्या पश्चिमेचं हे बेट भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ. १९०७ मध्ये तिथे अशीच लाट येऊन गेली होती. तेव्हाच्या लोकांनी ती गाण्यांत आणि गोष्टींत गुंफून पुढे दिली: जमीन जोरात हादरली, समुद्र मागे हटला, की टेकडी गाठ. २००४ मध्ये बेटावरचे सुमारे ७८,००० लोक तेच करून वाचले, बळी सात. भरायला लागणारा वेळ माणसाच्या आयुष्यापेक्षा मोठा असला तर सावध करायला आजीची गोष्टच लागते. जपानमध्ये आनेयोशी इथे १९३३ च्या लाटेनंतर दगड उभारला, ‘याच्या खाली घर बांधू नका’ म्हणून. २०११ मध्ये पाणी त्या दगडाच्या खालीच थांबलं. दगडाला चौकटीत दोन ओळी, जास्त नाही.

३ जुलै

वेगळी भिंत. ताईंच्या पहिल्या दिवसाच्या प्रश्नाला उत्तर द्यायची वेळ.

चक्रीवादळ दोन घड्याळांत बसत नाही, कारण ते साठवलेलं उडवत नाही, चालता चालता खातं. समुद्राचं पाणी २६-२७ अंशांच्या वर तापलेलं असेल तर त्याची वाफ वर चढते, थंड होऊन थेंब होते, थेंब होताना उष्णता सोडते, त्याने हवा आणखी चढते. जमिनीवर आलं की वाफेचा पुरवठा तुटतो आणि ते दमतं. इथे काटा एकच, चालू आहे तोवर फिरणारा.

भरती-ओहोटीचं तर उलटंच. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाणी १६ मीटरपर्यंत चढतं-उतरतं, रोज, कोणाला न मारता. मात्र ही ऊर्जा पृथ्वीच्या फिरण्यातून खर्च होते. पृथ्वी तिळातिळाने मंदावते आणि चंद्र लांब जातो, वर्षाला ३.८ सेंटिमीटर. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या माणसांनी चंद्रावर ठेवलेल्या आणि पुढच्या मोहिमांनी भर घातलेल्या परावर्तकांवर लेसर मारून हे मोजलं आहे. मागे गेलं तर दिवस लहान होत जातात: सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांच्या अंगावर वाढीच्या रोजच्या बारीक रेघा आहेत, आणि वर्षाच्या एका पट्ट्यात त्या ३६५ नाही, ४०० च्या आसपास भरतात. प्रवाळाचा नमुना मिळवायचा प्रयत्न करायचा, नाहीतर मोठा केलेला फोटो.

९ जुलै

शेवटचा फलक, आणि हा माझ्या म्हणण्यालाच थोडा धक्का देणारा, म्हणून मुद्दाम घेतला.

हटन आणि लायेल या जुन्या भूवैज्ञानिकांपासून भूविज्ञानाने एक शिस्त लावून घेतली: आज जे सावकाश घडताना दिसतं, त्यानेच डोंगर-दऱ्या घडल्या असं धरून चाला. शिस्त चांगली होती. पण तिची सवय झाली. १९२३ मध्ये भूवैज्ञानिक जे हार्लन ब्रेट्झ यांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या खरवडलेल्या खडकाळ प्रदेशाबद्दल लिहिलं की हे नद्यांचं सावकाश काम नाही, इथून एकदा प्रचंड पूर गेलाय. त्यांना जवळजवळ वेड्यात काढलं गेलं. एवढं पाणी आलं कुठून, हा प्रश्न रास्त होता. दुसरे भूवैज्ञानिक जोसेफ पार्डी यांना ठाऊक असलेलं मिसुलाचं हिमयुगातलं सरोवर त्याचं उत्तर निघालं: हिमनदीच्या बांधाने अडवलेलं, बांध फुटला की रिकामं होणारं. त्या सरोवराच्या तळावर पार्डींना लहरी सापडल्या, ओढ्यातल्या वाळूत बोटाएवढ्या दिसतात तशाच, फक्त इथे खडी-गोट्यांच्या आणि काही मीटर उंच. उभं राहून दिसत नाहीत, विमानातून दिसतात. पुढे पूर एकदाच नव्हे, अनेकदा आला होता असंही निघालं. ब्रेट्झना १९७९ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिकांचं पेनरोझ पदक मिळालं तेव्हा ते ९६ वर्षांचे होते.

‘भरायला’: दशकं. ‘सुटायला’: काही दिवस. सावकाश की अचानक, हा वादच मुळात चुकीचा मांडला गेला होता असं मला वाटतं. फलकावर माझं मत नको, ताई म्हणाल्या. बरोबर आहे. इथे राहू दे.

१४ जुलै

एका वर्गाला चाचणी म्हणून बोलावलं. अपेक्षेप्रमाणे वीज आणि गोळे यांच्यापुढे गर्दी, न्योसपुढे शांतता, प्रवाळापुढे कोणीच नाही. ठोकळ्याच्या मॉडेलपुढे मात्र रांग लागली, आणि तिथे एका मुलीने विचारलं, “काका, आता उडी कधी मारणार ते आधी सांगता येईल का?” सुतारकाका म्हणाले, “तूच सांग.” तिने पट्टीवरच्या आधीच्या उड्यांची अंतरं बोटाने मोजली, अंदाज बांधला. ठोकळा अंदाजाच्या पुढे जाऊनही बसून राहिला, आणि ती बाईंशी बोलायला वळली तेव्हा उडाला.

तिच्यासाठी भूकंपाच्या फलकात एक भाग जोडला: पार्कफील्ड. सान आंद्रेआसवरच्या या ठिकाणी १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ मध्ये सहाच्या आसपासचे भूकंप झाले. सरासरी २२ वर्षं. १९८० च्या दशकात तज्ज्ञांनी भाकीत केलं: पुढचा १९८८ च्या सुमारास, फार तर १९९३ च्या आत. जमिनीत दाटीवाटीने उपकरणं पेरली. १९९३ गेलं. भूकंप आला २८ सप्टेंबर २००४ ला, ६.० चा. ठिकाण बरोबर, आकार बरोबर, वेळ अकरा वर्षं चुकली. आणि एवढ्या उपकरणांमध्ये आधी इशारा म्हणता येईल असं ठळक काही उमटलं नाही.

म्हणून ‘भरायला’ घड्याळाला गजराचा काटा नको, असं ठरलं. ताईंनी आधी एक लाल काटा काढला होता, तो पुसला. कॅस्केडियाच्या घड्याळात फक्त १७०० पासून उलटलेल्या वर्षांचा आकडा राहील. तो छापायचा नाही, सुट्या पाटीवर लावायचा, म्हणजे दर २६ जानेवारीला एकने वाढवता येईल. पट्टीचा कागद संपत आलाय, नवीन रीळ मागवलं. बाकी फलकांच्या फाइली संध्याकाळी छपाईला दिल्या.